कासचं पाणी

साताऱ्याहून कासला निघालेली बहुतेक मंडळी फुलं बघायला निघालेली असतात. पठारावर तास-दोन तास हिंडायचं, फोटो काढायचे, मग पुढे उतारावरच्या तलावाकाठी डबे सोडायचे आणि अंधार पडायच्या आत यवतेश्वरचा घाट उतरायचा, हा ठरलेला कार्यक्रम. तलाव त्यात जेवणाच्या जागेपुरता. माझ्या मते हा क्रम उलटा करावा. आधी सरळ तलावाकाठी जावं, हे पाणी आलं कुठून आणि जातं कुठे हे समजून घ्यावं आणि मग पठारावर चढावं. पठारावरची फुलं हे मुळात पाण्याचंच प्रकरण आहे.

रस्ता साताऱ्यापासून पश्चिमेला जेमतेम पंचवीस किलोमीटरचा. यवतेश्वरचा घाट चढताना मागे अजिंक्यतारा आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेलं शहर दिसत राहतं. एकदा माथ्यावर आलं की गाडी एका लांबलचक सोंडेवरून चालते. उजव्या हाताला खाली वेण्णेचं खोरं आणि कण्हेर धरणाचा जलाशय, डाव्या हाताला उरमोडीचं खोरं, त्यात परळीजवळचं धरण आणि त्याच्यावर सज्जनगड. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्याही मोजता येतात. दोन्ही बाजूंना एवढं पाणी साठलेलं, आणि आपण ज्या सोंडेवर आहोत ती मात्र एप्रिल-मे महिन्यांत ठणठणीत कोरडी. पेट्री, आटाळी, एकीव, कासाणी ही इथली गावं. त्यांच्या शिवारात खाचरांत भात आणि उतारावर नाचणी, वरी. कासपर्यंत आलो की आपण जावळी तालुक्यात असतो. या डोंगराळ मुलखातली घरटी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडी कामाला गेलेली, त्यामुळे गणपतीत गावं भरतात आणि नंतर पुन्हा म्हाताऱ्या माणसांच्या ताब्यात जातात.

पठार ओलांडून रस्ता थोडा उतरतो आणि झाडीत शिरतो. तिथे तलाव.

कासचा तलाव निसर्गानं दिलेला नाही. ब्रिटिश अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सातारा शहराला पाणी पुरवण्यासाठी इथे मातीचा बांध घालून ओढा अडवला. साताऱ्याला तहानेची चिंता जुनीच. यवतेश्वरच्या डोंगरातून, महादऱ्याच्या तलावातून पाणी शहरात आणण्याची व्यवस्था होती, पेठांमध्ये तळी होती, पण वाढत्या वस्तीला ती पुरेना. कासची जागा निवडणाऱ्याची नजर पक्की होती. शहरात जितका पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून जास्त इथे पडतो, आणि तलावाची पातळी शहरापेक्षा कित्येकशे मीटर उंच. पंप नको, इंजिन नको, वीज तर तेव्हा नव्हतीच. डोंगराच्या कडेकडेनं पाट खोदला, त्याला बेताचा उतार दिला की पाणी आपल्या पायांनी चालत गावात येतं. सातारकरांनी कित्येक दशकं हेच पाणी प्यायलं. उघड्या पाटाचे तोटे होतेच. पालापाचोळा पडायचा, दरड आली की पाट बुजायचा, गळती व्हायची, गुरंही तोंड लावायची. पुढे पाटाची जागा बंद वाहिनीनं घेतली आणि पाणी शुद्ध करूनच शहरात सोडलं जाऊ लागलं. पण मूळ युक्ती तीच राहिली. उंचावरचं पाणी उतारानं खाली आणायचं, खर्च जवळजवळ शून्य. आज शहरांना नद्यांमधून पाणी उपसायला विजेची जी बिलं भरावी लागतात, ती पाहिली की या जुन्या अभियंत्यांचा हेवा वाटतो.

अलीकडच्या वर्षांत या धरणाची उंची वाढवली आणि साठा कित्येक पटींनी वाढला. ज्यांनी पूर्वीचा तलाव पाहिला आहे त्यांना आताचा तलाव ओळखू येत नाही. काठावरची ओळखीची झाडं पाण्यात गेली, बामणोलीकडे जाणारा जुना रस्ताही हलवावा लागला. हळहळ वाटते, पण तक्रार करायला तोंड नाही. तलाव शोभेसाठी बांधलेला नव्हता. तो सातारकरांच्या नळासाठी बांधला होता आणि नळ वाढले.

काठावर बसून एक गोष्ट पाहावी. पाऊस संपला, आकाश निरभ्र झालं, तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात वरच्या अंगाच्या ओहोळांतून बारीक पाणी तलावात येतच असतं. पाऊस थांबल्यावर हे पाणी कुठून येतं?

त्याचं उत्तर वर, पठाराच्या खडकात आहे. सह्याद्री हा बसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून तो झाला, हे शाळेतच शिकवतात. पण कासच्या माथ्यावर पाय ठेवला की पायाखाली काळा बसाल्ट नसतो. तिथे असतो जांभा. कोकणात घरांच्या भिंतींना जे लालसर, भोकाभोकांचे चिरे लावतात, तोच दगड, फक्त इथे तो समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर आहे आणि ऊन-पावसानं त्याचा वरचा पापुद्रा काळवंडलेला आहे. उष्ण हवेत आणि धो-धो पावसात बसाल्ट लाखो वर्षं कुजत राहिला की त्यातला चुना, सोडा, पोटॅश आणि सिलिकाही पाण्याबरोबर धुऊन जातात. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं. त्यांचं कवच म्हणजे जांभा. कास, पाचगणीचं टेबल लँड, महाबळेश्वर, चाळकेवाडी या सगळ्यांची माथी सपाट आणि जांभ्यानं मढलेली आहेत. ही सारी एकेकाळच्या एकाच सलग पृष्ठभागाचे उरलेले तुकडे आहेत आणि मधली खोरी नंतर नद्यांनी कोरून काढली, असं भूशास्त्रज्ञ मानतात.

आता पाण्याकडे येऊ. जांभ्याचं कवच सच्छिद्र आणि भेगाळलेलं. त्याच्याखाली, बसाल्ट पुरता दगड राहिलेला नाही आणि जांभाही झालेला नाही अशा अवस्थेतला, चिकणमातीचा मऊ थर असतो. कोकणात विहीर खणणारे त्याला शेडू म्हणतात. पाऊस पडला की पाणी जांभ्याच्या भोकांतून, फटींतून खाली उतरतं आणि शेडूवर येऊन अडतं. चिकणमाती त्याला सहजासहजी खाली जाऊ देत नाही. मग ते आडवं सरकत पठाराच्या कडेला येतं आणि जिथे शेडूचा थर उघडा पडला आहे तिथून झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. या मुलखातले बारमाही झरे, पाणवठे, देवळं आणि वस्त्या माथ्यावर न सापडता माथ्याच्या जरा खाली, कडेकडेनं का सापडतात, त्याचं हे कारण. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी येतं, तेही जांभ्याच्या माथ्याखालीच. म्हणजे कासचं पठार हा एक प्रचंड मोठा, हळूहळू पाझरणारा रांजण आहे, आणि तलाव त्याच्या बुडाशी ठेवलेलं भांडं.

झऱ्यांच्या या पट्ट्यातच कासचं जंगल आहे. तलावाभोवती फिरताना सतत गार वाटतं ते त्याच्यामुळे. जांभूळ, अंजनी, पिसा ही इथली मुख्य झाडं. महाबळेश्वरपासून या घाटमाथ्यावर सगळीकडे याच तिघांची संगत दिसते. वाऱ्याच्या माऱ्यामुळे झाडं फार उंच होत नाहीत, पण छत्र्या एकमेकींना भिडलेल्या, खोडांवर शेवाळ. अंजनी फुलते तेव्हा पानं नसलेल्या जुन्या फांद्यांना थेट निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लगडतात आणि झाडाखालची वाट निळी होते. तो काळ उन्हाळ्याचा, म्हणजे फुलांच्या गर्दीचे पर्यटक इथे फिरकतही नाहीत तेव्हाचा. उतारांवर कारवी माजलेली. तिच्या काठ्यांचे कूड करून त्यांना शेणमातीनं लिंपायचं, ही इथल्या जुन्या घरांची रीत. कासाणीच्या अंगाला घाटाई देवीची राई आहे. देवीच्या धाकानं तिथल्या झाडाला कुऱ्हाड लागली नाही, म्हणून मूळचं जंगल कसं होतं हे बघायचं असेल तर त्या राईत जावं. भर दुपारी आत शिरलं तर डोळे सरावायला वेळ लागतो.

आणि आता पठार. जंगलातून वर आलं की झाडं एकदम संपतात. हे बरेच लोक गृहीत धरतात, पण हे आश्चर्य आहे. चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या जमिनीवर गच्च अरण्य असायला हवं. इथे गुडघाभर उंचीचंही झाड नाही, कारण माती नाही. कवचावरच्या खोलगट भागांत चार बोटं माती साठते, बाकी उघडा दगड. आणि जी माती आहे तीही निःसत्त्व. नायट्रोजन, स्फुरद, सगळं पाऊस धुऊन नेतो. पावसाळ्यात दगडावर पाणी तुंबून डबकी होतात, मुळांना श्वास घेता येत नाही. आठ दिवस उघडीप पडली की तोच दगड तापतो. पावसाळ्यानंतर सात-आठ महिने थेंब नाही. झाडाला इथे जगणं शक्यच नाही. ज्यांना जगायचं आहे त्यांनी जून ते ऑक्टोबर एवढ्या काळात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि मरायचं, किंवा कंदाच्या रूपात जमिनीखाली दडी मारायची. एकाच वेळी सगळ्यांना घाई, म्हणून एकाच वेळी सगळी फुलं. कासची श्रीमंती दिसते ती या दारिद्र्यातून आलेली आहे.

सीतेची आसवे हे फूल घ्या. सप्टेंबरात पठाराचे ओलसर भाग निळे-जांभळे दिसतात ते बहुतांशी याच्यामुळे. वीतभर उंचीचा सुतासारखा दांडा, त्यावर नखाएवढं फूल. वरून इतकं सोज्वळ दिसणारं हे झाड खाली चिखलात शिकार करतं. त्याच्या मुळांसारख्या धाग्यांवर मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पिशव्या असतात. झाड पिशवीतलं पाणी बाहेर टाकतं, त्यामुळे आत दाब कमी होतो आणि भिंती आत ओढल्या जातात. दाराशी केस असतात. एखादा सूक्ष्म पाणकिडा त्या केसांना लागला की दार उघडतं, पाण्याबरोबर किडा आत ओढला जातो आणि दार मिटतं. या कुळातल्या काही जातींमध्ये हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात होतं. किड्याच्या शरीरातून झाडाला नायट्रोजन मिळतो, मातीत नसलेला. त्याच डबक्याकाठी दवबिंदू ही दुसरी शिकारी वनस्पती. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. सकाळी उन्हं तिरपी असताना जमिनीशी डोळे नेऊन पाहिलं तर थेंब लखलखतात आणि एखाद-दुसरा चिलटाएवढा किडा त्यात अडकलेला हमखास दिसतो.

कवळ्यानं याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला. पिवळ्या फुलावर दोन तांबडे ठिपके असल्यामुळे वाटाडे पोरं त्याला मिकी माऊस म्हणतात आणि पर्यटक खूश होतात. कवळा शेंगवर्गीय. त्याच्या मुळांवर गाठी असतात, गाठींत जिवाणू, आणि ते हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. म्हणजे शेजारी शेजारी उभी राहिलेली निळी आणि पिवळी फुलं एकाच टंचाईतून सुटली, एक शिकार करून, दुसरी भागीदारी करून. त्यांच्यामध्ये पांढऱ्या बटणांसारखे गेंद. जिथे गेंद दाट, तिथे पाय टाकला तर पचकन पाणी येणार हे समजावं. तेरड्यांचे गुलाबी पट्टे जरा निचरा होणाऱ्या जागी. उथळ डबक्यांत वायतुरा, पाण्याबाहेर काढलेल्या दुहेरी तुऱ्यामुळे सहज ओळखू येणारा. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे आणि या भागातल्या मोजक्या पठारांपलीकडे तो जगात नाही. चवर ऑगस्टमध्येच पांढऱ्या तुऱ्यांनी उभी असते. तिच्या कंदापासून महाबळेश्वरकडे पूर्वी तवकीर काढत. टोपली कारवीची टोपलीच्या आकाराची झुडपं वर्षानुवर्षं नुसती हिरवी राहतात आणि साधारण सात वर्षांनी एकदम फुलतात.

थोडक्यात, पठारावरचे रंग नीट पाहिले तर तो पाण्याचा नकाशा आहे. कुठे पाणी तुंबतं, कुठे नुसतं वाहून जातं, कुठे चार बोटं माती आहे, हे सगळं फुलं सांगतात. राजमार्ग म्हणून जी जुनी वाट पठारावरून महाबळेश्वरच्या दिशेनं जाते, तिच्यावरून चालत गेलं की कुमुदिनीचं तळं लागतं. तिथे कवचातल्या मोठ्या खोलगट भागात पाणी बरेच दिवस टिकतं, म्हणून पाण्यावर पानं पसरणारी, झालरीच्या पाकळ्यांची पांढरी कुमुदिनी. एवढंच पाणी या पठारानं स्वतःकडे ठेवलं आहे, बाकी सगळं खाली पाठवलं.

२०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यांतली चार महाराष्ट्रात, कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. नावं वाचली की लक्षात येतं, बाकीची तिन्ही अभयारण्यं किंवा राष्ट्रीय उद्यानं आहेत, वाघ-गव्यांची जंगलं. कास जेमतेम दहा चौरस किलोमीटरचा कातळ, आणि तो या यादीत आला गवतातल्या बोटभर झाडांच्या जिवावर. यादीत नाव आलं आणि गर्दी लोटली. गाड्या फुलांवरून जाऊ लागल्या. मग वनखातं आणि आसपासच्या गावांच्या समित्यांनी मिळून शुल्क लावलं, रोजच्या पर्यटकांची संख्या तीन हजारांवर बांधली, आगाऊ नोंदणी सुरू केली आणि पठाराला जाळीचं कुंपण घातलं.

कुंपणाची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. त्यानं माणसं अडली तशी गुरंही अडली. गावकरी म्हणू लागले की गवत माजलं, फुलं कमी झाली. वनस्पती अभ्यासकांमध्येही दोन मतं पडली, पण गावकऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे असं सांगणारे बरेच निघाले. इथल्या गुराख्यांची जनावरं शतकानुशतकं या पठारावर चरत आली. ती उंच गवत खुडतात, त्यामुळे बोटभर झाडांना ऊन मिळतं, आणि त्यांचं शेण या भुकेल्या मातीत थोडंसं खत मिसळतं. चरणं बंद झालं की गवत जिंकतं. शेवटी जाळी काढली गेली. निसर्ग राखायचा म्हणजे त्यातून माणूस आणि त्याची गुरं वजा करायची, ही शहरी समजूत कासच्या पठारावर तरी टिकली नाही. गर्दी आवरायलाच हवी, यात वाद नाही. पण गर्दी आणि गुराखी यांना एका मापानं मोजणं बरं नव्हे.

कधी जावं, असं सगळेच विचारतात. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलं असतात, दर आठ-पंधरा दिवसांनी रंग बदलतो. शनिवार-रविवार टाळावा, आणि सकाळी लवकर पोचावं, कारण दुपारी धुकं आलं की दहा फुटांवरचं दिसत नाही. पण मी म्हणेन एकदा जूनमध्ये पहिल्या दोन-तीन पावसांनंतर जा, दगडावरचं करडं शेवाळ हिरवं होताना पाहायला. आणि एकदा एप्रिलमध्ये. तेव्हा पठार भाजल्यासारखं काळं असतं, तलाव खाली गेलेला असतो, आणि त्याच्या काठचं जंगल मात्र हिरवंगार. एकाच मुक्कामात दोन ऋतू. फुलांच्या दिवसांत जे वाचून समजतं, ते या दिवसांत डोळ्यांना दिसतं.

वेळ असेल तर तलावावरून मागे फिरू नये, पुढे बामणोलीला उतरावं. हा उतार ओलांडताना आपण एक पाणलोट सोडून दुसऱ्यात जातो. कासच्या पूर्व-दक्षिण अंगाचं पाणी उरमोडीत जातं. भांबवलीचा तीन टप्प्यांत कोसळणारा वजराई धबधबा याच अंगाला. उरमोडी कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पश्चिमेकडे पडलेलं पाणी बामणोलीशी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात उतरतं. कोयनाही महाबळेश्वरची, कऱ्हाडला कृष्णेलाच मिळणारी, त्यामुळे तिचंही पाणी पूर्वेलाच जायला हवं. पण धरण झाल्यापासून त्यातलं बरंचसं सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं जातं, पोफळीला कड्याखाली आपटून वीज करतं आणि वाशिष्ठीत सोडलं जातं. वाशिष्ठी चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळते.

बामणोलीच्या धक्क्यावर वासोट्याच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या लागलेल्या असतात. त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते आणि निघायचं तर सकाळीच. होडीवाले या पाण्याखालच्या गावांची नावं सांगतात. धरण भरलं तेव्हा त्यांची आधीची पिढी खोऱ्यातून उठली, काही डोंगरावर सरकली, काही ठाणे-रायगडकडे, काही सोलापूर-सांगलीकडे पाठवली गेली. जे इथेच वर सरकले त्यांच्या काही वाड्यांना दवाखाना, बाजार आणि शाळा अजूनही पाण्यापलीकडे आहेत, आणि तिथवर जायला होडीच.